दोब्रिंकाचा हरवलेला गुलाब

काझानलिक शहराजवळच्या एका गावात गुलाबतेलाची भट्टी होती आणि भट्टीत शेवटचा शब्द दोब्रिंकाच्या नाकाचा. तेलात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगून ती "जाऊ दे" म्हणाली, की मगच डबे भरायचे. वास घेणारा दुसरा माणूस म्हणजे स्तामेन. त्या दोघांचं एका पट्टीवरही कधी एकमत झालं नाही.

त्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. पुढे थोडा परतला, तोही भलताच. कॉफीला जळक्या रबराचा वास आणि गुलाबतेलालाही तोच! पट्टी ती लगेच दूर सारायची आणि जेवणाच्या ताटाला तर शिवायचीही नाही.

"चला, आता मला बिनधास्त राकियाची दारू प्यायला मोकळीक, तुला वास यायचा नाही," नवरा मिन्चो तिला हसवायला म्हणाला. तिला रडू फुटलं, तसा बिचारा कावराबावरा झाला.

प्लोव्दिवहून तिची भाची येलित्सा आली. ती डॉक्टर होती.

"आत्या, वासाचे कण श्वासाबरोबर नाकात वर जातात. तिथल्या पेशींवर बारीक खाचा असतात. कण ज्या खाचेत बसेल, ती पेशी मेंदूला कळवते. गुलाबात असे कितीतरी कण. सगळ्या पेशी एकदम बोलल्या की मेंदू म्हणतो, गुलाब! तुझ्या मोजक्याच जाग्या आहेत, म्हणून हा गोंधळ."

"बाकीच्या मेल्या?"

"नव्या येतात गं. त्यांना सवय लाव. रोज वास घे, आणि घेताना तो मनात आठव."

मग रोज सकाळी दोब्रिंका डोळे मिटून बसायची आणि मिन्चो तिच्या नाकाखाली एकेक वस्तू धरायचा. लिंबू, लवंग, गुलाबपाणी.

"हे काय?"

"रबर."

"आणि हे?"

"शी! सडकं रबर."

"माझे मोजे होते."

"मग बरोबरच ओळखलं की!"

एका सकाळी लिंबू नुसतं लिंबूच निघालं. तिनं ते सालीसकट चावलं.

मे महिन्यात गुलाबांची तोडणी सुरू झाली, तशी ती भट्टीत गेली. पट्टी हुंगली. रबर नव्हतं, पण गुलाबही पुरा नव्हता.

"मधासारखा गोडवा लागतोय," ती स्तामेनला म्हणाली, "पण तो मिरीसारखा तिखटपणा कुठेच नाही. मी काम सोडते."

स्तामेननं तीच पट्टी आपल्या नाकाशी नेली.

"तिखटपणा मला लागतो. मध मात्र जन्मात नीट लागला नाही. येलित्साला विचारलं, तर म्हणाली, प्रत्येकाच्या नाकातल्या खाचा वेगळ्या असतात. आणि मी आपला समजत होतो, तू मुद्दाम माझं खोडून काढतेस."

"थोडं मुद्दामही काढायचे."

"ठाऊक आहे. बस आता. ही पट्टी तू अर्धी सांग, अर्धी मी."

त्या वर्षीचं सगळं तेल दोघांच्या नाकाखालून गेलं. वाद रोज झाले. घरी आल्यावर दोब्रिंका ते मिन्चोला रंगवून सांगायची आणि सांगता सांगता दोन वाडगी सूप संपवायची.