सरकीत वाळवलेलं चाक

आमच्या घराला लागून बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी करायची छपरी होती. तीन बाजूंना कुडाच्या भिंती, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. बंडी कामावर गेली की छपरी रिकामी व्हायची, आणि रिकामी झाली की ती माझी असायची. दुपारची जेवणं झाली की घरचे लोक जरा आडवे व्हायचे. मी लाकूड तासायचा वाकस, पटाशी आणि गिरमिट घेऊन तिथे बसायचो. ती हत्यारं मी एकेक करून जमवली होती. कुणाचा मोडका दांडा बसवून दे, कुणाचं कुलूप उघडून दे, आणि बदल्यात त्याच्या घरी पडून असलेली गंजकी पटाशी घे, असं चालायचं.

आमचं गाव बाळापूर-अकोला रस्त्यावर. घर शेतकऱ्याचं, काळ्या जमिनीचं. सुतारकी सुताराने करावी आणि शेती आम्ही, ही गावाची रीत. माझं वय तेव्हा वीस-बावीस, लग्न झालेलं, आणि घरच्यांच्या मते मी वाया चाललो होतो. माझी आत्या आमच्याकडेच राहायची. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, की याच्या हातात वखर टिकत नाही, पण दुसऱ्याचा मोडका रेचा मिळाला की हा भूक विसरते. त्यात खोटं काही नव्हतं.

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं हातयंत्र. दोन लाटणी एकमेकांवर फिरतात, कापूस पलीकडे जातो, सरकी अलीकडे पडते. ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. दूर कुठल्या मुलखात लढाई लागली आहे आणि म्हणून वऱ्हाडच्या कापसाला एवढी मागणी आहे, असं अकोल्याचे दलाल सांगत. मला त्या लढाईचं काही कळत नव्हतं. पण ती अजून संपलेली नाही हे छपरीत येणाऱ्या रेच्यांवरून मला कळायचं. घरोघरी बाया दिवसभर रेचा फिरवत, लाटणी झिजत, दांडे निखळत. मी ते दुरुस्त करायचो. माझ्या हातून गेलेला रेचा कुरकुरत नसे, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

पण मला चाक करायचं होतं. रेचा, कुलूप, खाटेचा पाय ही हौस झाली. चाक ही परीक्षा होती. आरे, तुंबा, कडेचे वाकदार पुठ्ठे, सगळं एकमेकांत असं बसलं पाहिजे, की वर लोखंडी धाव चढल्यावर ते एक व्हावं. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा. तो चुकला की सगळं चुकलं.

आमच्या गावच्या सुताराची चाकं तेल्हाऱ्यापर्यंत ओळखली जायची. आम्ही त्यांना सुतारबुवा म्हणायचो. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. बाभळीचं लाकूड ते नाल्याच्या गाळात पुरून ठेवायचे, मग दोन उन्हाळे सावलीत वाळवायचे, आणि मगच त्याला वाकस लावायचे. तुंब्याच्या आतल्या अंगाला एका ओळीत तीन बारीक टोचे, ही त्यांची खूण. ती दिसली की माणूस पुढे विचारायचा नाही.

त्या साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने त्यांना बंड्या बांधायला बोलावून नेलं. कापूस वाहायला बंड्या पुरत नव्हत्या. सुतारबुवा पावसाळ्याच्या शेवटी गेले ते होळीच्या आसपास परत येणार होते. इकडे आमच्या बंडीचं डावं चाक खिळखिळं झालं होतं. आरे हाताने हलायचे. वडिलांना माघ-फाल्गुनात कापूस अकोल्याला पोचवायचा होता आणि सुतार गावात नव्हता.

मी वडिलांना म्हटलं, की मी करतो चाक. ते हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "तुह्या हातचं चाक माह्या बंडीले लागनार नाई. आन छपरीतलं एखांदं काम रस्त्यावर मोडलं, तर तुही सारी हत्यारं मी हिरीत टाकीन. आइकून ठेव."

वडील बोलले ते करणारे होते. तरीही मी बाभळीचा एक ओंडका तोडून आणला.

दोन उन्हाळे थांबायला मला वेळ नव्हता. पण मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या वर्षांत आमच्या घरात सरकी मावत नव्हती. पावसाळ्याच्या दमट हवेत सरकीच्या ढिगात हात घातला की आत चांगली ऊब लागते, कधी कधी चटका बसेल इतकी. मी लाकूड कापून, तुकडे करून, त्या ढिगात खोल पुरलं. विचार असा, की दोन उन्हाळे करतात ते सरकी चार महिन्यांत करील.

लाकूड बाहेर काढलं तेव्हा ते जुन्या लाकडासारखं तपकिरी झालं होतं. वाकसाच्या मागच्या बाजूने ठोकलं तर खणखण वाजलं. वरची एक-दीड बोट जाडी खरोखरच वाळली होती. आत काय आहे ते मी पाहिलं नाही. पाहायची माझी इच्छा नव्हती.

चाक मी शेतातल्या खोपटात, घरच्यांच्या नजरेआड, बावीस दिवसांत केलं. सांगायला हरकत नाही, की ते देखणं होतं. बारा आरे, एकही वाकडा नाही. आणि सगळं झाल्यावर मी तुंब्याच्या आतल्या अंगाला पटाशीच्या टोकाने तीन टोचे मारले, एका ओळीत.

वडिलांना सांगितलं, की सुतारबुवा जाण्याआधी हे जोडून ठेवून गेले होते, त्यांच्या घरून आणलं. लोहाराने धाव चढवली. त्यानेही खूण पाहिली आणि काही विचारलं नाही. वडिलांनी चाकावर बोटं वाजवली, खूण चाचपली, आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "पाह्य. याले म्हन्तात चाक. छपरीत बसून आयुष्य घालवशीन तरी असं होनार नाई तुह्याच्यानं."

तो क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान होता, आणि तो मला घेता आला नाही.

फाल्गुनात कापूस भरून निघालो. मी आणि आमचा एक गडी. कोरडं वारं सुटलं होतं. अकोल्याला पोचायला मोर्णा नदीचा उतार राहिला, तोवर चाकाने कच्चं लाकूड जे करतं ते केलं. आतला ओलावा गेला, लाकूड आकसलं, आरे तुंब्यात सैल झाले. उतारावर धाव निसटून पुढे गडगडत गेली आणि पाण्यात जाऊन पडली. बंडी डाव्या अंगावर बसली. बैलांना काही झालं नाही. कापूस चिखलात गेला. आमच्या मागे आठ-दहा बंड्या अडकल्या, वेगवेगळ्या गावांच्या.

मागच्या बंडीवाल्याने तुंबा उचलून पाहिला. आरा जिथून निसटला होता तिथे नख रुतवलं तर लाकूड ओलं लागलं. त्याने टोचे पाहिले आणि मोठ्याने वाचल्यासारखं सांगितलं, "अरे, हे तं तुमच्या गावच्या सुताराचं. कच्चं चाक इकून राह्यला का आता तो? तेजीत सारेच शेफारले."

सगळे माझ्याकडे पाहत होते. चाक कुणाचं, हे मला एकदा विचारलंसुद्धा. मी म्हणालो, खूण आहे ना त्यावर. मी इतकंच बोललो, आणि तेवढं पुरलं. त्या बंड्या आपापल्या गावांना गेल्या आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली.

होळीनंतर सुतारबुवा परतले. वडील तो तुंबा घेऊन त्यांच्या दारात गेले, मी मागे. वडील रागावले होते, पण त्यापेक्षा ते दुखावले होते. सुतारबुवांनी तुंबा हातात घेतला, टोचे पाहिले, मग नाकाजवळ नेऊन वास घेतला. सरकीच्या तेलाचा वास लाकडातून जात नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

"घाई झाली, पाटील," ते वडिलांना म्हणाले. "चाक माह्यंच हाय. दुसरं करून देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, की काहून असं केलं. ते रंधा मारत होते. हातातलं लाकूड पुरं केलं. मग म्हणाले, की तुंब्यातली आऱ्यांची भोकं मोजून पाहिली, बाराच्या बारा सरळ आहेत. असा हात विहिरीत टाकायचा नसतो. तुझा बाप टाकणार होता हे सगळ्या गावाला माहीत आहे. पुढे जे म्हणाले ते मात्र त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"पन खरं काय ते एक दिस तू सांगशीन. मी नाई सांगनार. माह्यं नाव हाय, पन सांगाचं काम तुहं हाय."

मी हो म्हटलं.

दोन उन्हाळे मी त्यांच्याजवळ बसलो.  सुतारबुवांनी मला वडिलांकडून मागून घेतलं होतं, चिखलात गेलेल्या कापसाची भरपाई म्हणून तुमचं काम फुकट करीन, याला हाताखाली द्या, असं काहीतरी सांगून. लाकूड गाळातून कधी काढायचं, सावली कुठल्या झाडाची, ठोकल्यावर वाजणारा आवाज वरचा आहे की आतला, हे सगळं मी तिथे शिकलो. पुढच्या चाळीस वर्षांत त्या छपरीत मी अठरा चाकं केली, घरची आणि सोयऱ्यांची. एकही रस्त्यावर बसलं नाही. दोन अजून चालू आहेत. चाकांच्या तुंब्यावर मी कधीच कुठली खूण केली नाही. शेतकरी म्हणून मी बरा होतो, पण माणूस म्हणून मला जो काही अभिमान आहे तो त्या अठरा चाकांचा आहे, आणि तो सुतारबुवांनी दिलेला आहे.

त्यांना मी काय दिलं ते आता सांगतो. पुढच्या वर्षी अमरावतीहून बोलावणं आलं नाही. तेल्हाऱ्याकडची माणसं दुसरीकडे वळली. आणि लोकांनी त्यांना नाव ठेवलं. कच्चे. आमच्याकडे एकदा नाव चिकटलं की ते जातीपेक्षा घट्ट असतं. कच्चे सुतार, कच्च्याचं घर, कच्च्याची सून. सुतारबुवा गेले तेव्हा निरोप घेऊन आलेला माणूससुद्धा म्हणाला, कच्चे बुवा वारले.

मी तेव्हाही बोललो नाही. आधी वडील होते म्हणून. ते गेल्यावर, मला लाकडातलं कळतं असं लोक म्हणू लागले होते म्हणून. नंतर नंतर, इतकी वर्षं गेली, आता कोण विचारतो म्हणून. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

यंदा पोळ्यानंतर तेल्हाऱ्याचा एक माणूस नवी बंडी बांधून घ्यायला आमच्या गावात आला. पारावर चौकशी केली. सुतारबुवांचा मुलगा आता साठीला आला आहे, बापासारखंच काम करतो, बापासारखंच कमी बोलतो. पारावरचा एक जण हसून म्हणाला, "कच्च्याकडं जाता काय? आपली बंडी, आपली मर्जी." तो पाहुणा थबकला आणि बाळापूरच्या वाटेला लागला. मी पारावरच बसलो होतो.

मी उठून सुतारबुवांच्या मुलाकडे गेलो. काम चालू होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सरकीपासून मोर्णेपर्यंत.  त्याने रंधा थांबवला नाही. मी संपवल्यावर लाकडावरचा भुसा फुंकला आणि म्हणाला, "मले सांगून काय फायदा, पाटील? मी सोताले कच्चे म्हन्तो काय? जे म्हन्तात त्याइले सांगा."

एवढी साधी गोष्ट मला चाळीस वर्षांत सुचली नव्हती.

बाजाराच्या दिवशी पारावर गर्दी असते, आजूबाजूच्या गावांचीही. मी काठी टेकत पारावर चढलो आणि सांगितलं. चाक मी केलं होतं. लाकूड मी सरकीत पुरलं होतं. खूण मी चोरली होती. सुतारबुवांनी माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. आधी लोकांना वाटलं, म्हातारा चळला. मग मी लाकूड आतून कसं होतं, आरे किती होते, वास कसला होता हे सांगू लागलो. तेव्हा जुनी माणसं पुढे सरकून बसली.

सुतारबुवांचा मुलगा गर्दीच्या कडेला उभा होता.  त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा नीट बांधलं.

कुणीतरी मागून विचारलं, "मंग आता तुमालेच कच्चे पाटील म्हना लागन काय?"

लोक हसले. मी म्हटलं, "म्हना. पन त्याइचं नाव त्याइले वापस द्या."

हे लिहून ठेवतो आहे, कारण पारावर सांगितलेल्या गोष्टीचं आठ दिवसांत भलतंच होतं. कुठल्या गावी ही गोष्ट वेगळी ऐकली असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. तेल्हाऱ्याच्या त्या माणसालाही निरोप पाठवला आहे. तो अजून आलेला नाही, पण येईल असं मला वाटतं.

परवा सकाळी वाटेने जाणाऱ्या एका बंडीवाल्याने मला हाक मारली, "राम राम, कच्चे पाटील." माझी सून चिडून ओट्यावर आली आणि त्याला चार शब्द ऐकवायला निघाली. मी तिला थांबवलं. म्हटलं, बरोबर बोलला तो. आणि मी त्याला राम राम घातला.