काकांच्या दोन कढया

शनिवार, अठरा जानेवारी. सकाळी दहा, तरसालीचं कबरस्तान. हजर: ख्रिस्ती मंडळीचे पाळक, आणंदहून आलेल्या काकांच्या बहीण मार्थाआत्या, आमच्या सोसायटीतली जवळजवळ सगळी घरं, भाजीवाला, इस्त्रीवाला आणि एक अनोळखी रिक्षावाला, जो सगळ्यांत जास्त रडला. गैरहजर: तिसऱ्या मजल्यावरच्या बा, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. त्या दिवशी आम्ही शेजारच्या शांतवनकाकांना कबरस्तानात पोचवलं.

रिक्षावाल्याच्या अंगावरचा स्वेटर मी लगेच ओळखला. तो मीच काकांना आणून दिला होता. काकांपाशी एक जुना स्वेटर होता, म्हणून नवा दुसऱ्याच दिवशी गेला. छत्री, चपला, घोंगडी, सगळ्याची तीच गत. मी चिडले की म्हणायचे, "अगं वसुधा, दुसरी वस्तू आपली नसतेच. देवबापाने ती कुणाची तरी आपल्याकडे ठेवलेली असते. मालक भेटेपर्यंत सांभाळायची."

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून ते निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. पहाटे उठून गुडघ्यांवर बसून प्रार्थना, मग जिना झाडता झाडता गायन. सूर बेताचा, आवाज मात्र तीन मजली. खालच्या पटेलभाईंनी एकदा सांगितलं, "काका, जरा धीमे गाओ ने!" काका म्हणाले, "धीमे गायलं तर तुम्ही ऑफिसला उशिरा पोचाल, पटेलभाई." ते खरंच होतं. अर्धी सोसायटी त्यांच्या गाण्यावर उठायची.

त्यांच्या घरात दोन असलेली एकच वस्तू म्हणजे कढई. एक रोजच्या स्वयंपाकाची, तिच्यात मटण-मासे सगळं व्हायचं. दुसरी कपाटावर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. ती वर्षातून एकदा, नाताळच्या फराळासाठी उतरायची. नवं तूप, वेगळा झारा, अंड्याचं नाव नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. थाळी घेऊन ते प्रत्येक दारात स्वतः जात. बा कांदा-लसूणही न खाणाऱ्या, म्हणून त्यांच्या दारात उंबऱ्याबाहेर उभे राहत आणि दरवर्षी तेच सांगत, "बा, बीशो नका, घाबरू नका. या कढईचा अजून बाप्तिस्मा झालेला नाही."

बा हसत नसत. थाळी मात्र घेत.

काकू गेल्यावर वाटपाची यादी माझ्याकडे आली. बावीस घरं, मजल्यांप्रमाणे, पुढे खुणेला चौकट. दुसऱ्याच वर्षी मी बांच्या सुनेला, हेतलला, आमच्या करंज्या फाटकाबाहेर गाईपुढे ठेवताना पाहिलं. तडक काकांना जाऊन सांगितलं.

"मग काय झालं? गाईचा नाताळ झाला."

"काका, इतक्या कष्टाचं..."

"कष्ट माझे ना? मी थाळी देतो, ती खायची कुणी हे मी कधी विचारलंय? आणि तुझ्या त्या यादीतून नाव काढायचं नाही हं. चौदावं घर चौदावंच राहील."

मी नाव काढलं नाही. गेल्या डिसेंबरपर्यंत.

डिसेंबरात काका पडले आणि अंथरुणाला खिळले. मंडळीतल्या दोघीजणी आणि मी, आम्ही तळलं. अंदाज चुकला. एकवीस थाळ्या भरल्या आणि फराळाचं पिंप रिकामं झालं. पुन्हा मैदा भिजवायला वेळ नव्हता. मी यादीवरून पेन फिरवलं आणि चौदाव्या घरावर काट मारली. गाईला काय, भाकरी चालेल. हा हिशोब मला तेव्हा अगदी बरोबर वाटला.

काकांनी उशीवरून मान वळवून विचारलं, "सगळीकडे पोचलं ना गं?"

"पोचलं, काका."

"बांकडे?"

"पोचलं म्हटलं ना."

त्यांनी डोळे मिटले आणि समाधानाने हात जोडले. तीन आठवड्यांनी ते गेले.

कबरस्तानातून परतल्यावर हेतलने मला वर बोलावलं. बा झोपाळ्यावर बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "आ वखते थाळी न आवी. भाईने मारुं कंई खोटुं लाग्युं'तुं?" या वेळी थाळी आली नाही, माझं काही काकांच्या मनाला लागलं होतं का, असं विचारत होत्या.

मी म्हटलं, "नाही हो बा. आजारी होते. राहून गेलं असेल."

"बीजे बधे तो आवी'ती." बाकी सगळीकडे आली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

दारापर्यंत सोडायला आलेली हेतल हळूच म्हणाली, "करंज्या आम्ही गाईला द्यायचो, मावशी. कांदा-लसणाच्या घरचं ना. पण शंकरपाळे बा डब्यात लपवायच्या. चहाबरोबर दोन-दोन करून उत्तरायणपर्यंत पुरवायच्या. यंदा रोज विचारत होत्या, भाई रागावले का म्हणून."

मी खाली आले. त्यानंतर काकांच्या घरची कामं डायरीत लिहून ओळीने उरकली. पलंग वृद्धाश्रमात, औषधं दवाखान्यात, घराची किल्ली मार्थाआत्यांकडे, गॅस बंद. सगळ्यांपुढे खुणा झाल्या.

एक ओळ उरली आहे: 'तिसरा मजला. बांना सांगणे, काकांनी नाही, नाव मी कापलं.' रोज सकाळी वाचते. दोनदा दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊनही आले. आजही ती उद्याच्या पानावर उतरवली आहे.