तळं की समुद्र

आम्ही खानदेशातली भूशास्त्राची माणसं म्हणजे काळ्या कातळावर वाढलेली. लाव्ह्याच्या त्या दगडातले स्फटिक काढायचे तर वर पांढरा चुना चिकटलेला असतो. दगड ॲसिडमध्ये टाकला की चुना जातो आणि स्फटिक चकचकीत होतात. म्हणून आमच्या धुळ्याच्या कॉलेजातल्या विभागात कुठलाही दगड आला की आधी ॲसिडच्या बादलीत. का, असं कुणी विचारायचं नाही.

माझ्या गाईडनी, म्हणजे सरांनी, तरुणपणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्यापलीकडच्या एका नाल्यात, काळ्या कातळाखाली चुनखडीचा पट्टा शोधला होता. तीही बादलीत गेली. अहो, ती आख्खीच चुन्याची! तिच्यातल्या सूक्ष्म जीवांची कवचंसुद्धा चुन्याचीच. सगळं विरघळलं, तळाशी गाळ राहिला आणि सरांनी ठरवलं की समुद्री जीव नाहीत, म्हणजे इथं गोड्या पाण्याचं तळं होतं. त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढं त्यांच्या विद्यार्थ्यांनाही त्याच तळ्यावर मिळाल्या.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी त्याच चुनखडीवर प्रबंध करत होते. मी फैजपूरकडची, केळीवाल्यांच्या घरातली आणि हट्टी. मी दगड ॲसिडात न टाकता काचेवर घासला, खालचं अक्षर वाचता येईल इतका पातळ होईस्तोवर. बोटांची सालं निघाली. ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर कप्प्याकप्प्यांच्या इवल्या वेटोळ्यांचा नुसता खच. हे जीव उथळ समुद्रातले, तळ्यातले नव्हेत. म्हणजे आधी समुद्र, मग त्यावर लाव्हा. प्रयोगशाळेत मी एकटीच हसत सुटले.

सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चकती दुसऱ्या दगडाची असेल."

मी त्याच दगडाचा उरलेला तुकडा त्यांच्यासमोर ॲसिडात टाकला. फसफसून गेला. वेटोळी कुठली उरायला! त्यांना कळलं, मी त्यांचा चेहरा पाहिला.

"समुद्राचं प्रकरण काढून टाक, मग सही करतो," एवढंच बोलले.

घरी नाना, माझे वडील, म्हणाले, "सही करत नसीन त त्याच्या मनासारखं लिहून दे नं व माय. दगडाले काय समजतं?"

मी नाही दिलं लिहून. सही झाली नाही. दुसरा गाईड मिळेना, सरांशी वाकडं कोण घेणार? शेवटी जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. सरांच्या तळ्याला कुणी हात लावला नाही. मला त्याचा राग होता, आजही आहे.

सर निवृत्त झाल्यावर आजारी पडले, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आत चहा टाकत होत्या. सर हळूच म्हणाले, "तुझा समुद्र खरा होता. पण मी मानला असता तर माझ्या विद्यार्थ्यांच्या पदव्यांचं काय झालं असतं?"

मला रडूच आलं. इतकी वर्षं या एका वाक्यासाठी काढली होती. तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या.

"काकू, ऐकलंत? सर म्हणताहेत, समुद्र खरा होता."

सरांनी कप उचलला आणि काकूंकडे पाहून हसले.

"मी? मी कुठं काय म्हणालो?"