एप्रिलातली धाबळी

उज्जैनचा एप्रिल ज्यानं पाहिला नाही त्याला मी ही गोष्ट सांगतच नाही. तो म्हणणार, बाई बंडल मारते. त्या वर्षी असा उन्हाळा होता की राम घाटावर शिप्रेतली कासवं पाण्यातून वर यायची आणि पंड्यांच्या छत्र्यांखाली जजमानांच्या रांगेत जाऊन बसायची. एका पंड्यानं सवयीनं कासवाला गोत्र विचारलं आणि उत्तर आलं नाही तेव्हा स्वतःच 'कश्यप' लिहून घेतलं. हे आमचे वडील सांगत. वडील सरकारी कचेरीत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं खोटं म्हणायची सोय नव्हती.

अशा एप्रिलात मी डोक्यापासून घोट्यापर्यंत लोकरीची धाबळी पांघरून मिडलच्या परीक्षेला बसले. हातात पायमोजे. तेही लोकरीचे.

मिडल म्हणजे आठवी. आमच्या घरात त्या परीक्षेवर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. वडिलांनी सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर हायस्कूल. नापास झालीस तर मी मध्ये बोलणार नाही, तू आणि तुझी काकू." काकू म्हणजे वडिलांची मोठी भावजय. काका पोस्टात, बदली रतलामला, शनिवारी येत आणि रविवारी घाबरून परत जात. काकूच्या पोथीत माझ्यासाठी एका स्थळाचं पत्र तयार ठेवलेलं होतं. मुलगा धारचा, घरी दोन म्हशी. त्याच्याविषयी आम्हाला एवढंच माहीत होतं, पण म्हशींविषयी काकूला खूप माहिती होती.

देवास गेटच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, त्यातच भिंतीला लागून देवघर आणि मागे पडवी. महिन्याच्या त्या चार दिवसांत बायकांनी पडवीत कांबळ्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही, ही रीत. आई चार दिवस बसायची. काकू मात्र महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस पडवीतच असायची, आणि का, हे कुणी विचारायचं नाही. घरातलं राज्य तिच्या बसण्यानं अडत नसे. वरणात मीठ किती पडलं ते ती पडवीतून वासावरून सांगायची. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला थांबला तर तिथून भाव पाडायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी चिंचेच्या झाडावरून उतरले आणि पाहिलं तर परकरावर रक्त. काकूनं आठवडाभर बजावलं होतं, "इतक्या चिंचा नको खाऊ, रक्त नासेल." मी त्या दिवशी, कमी करून सांगते, दोनशे चिंचा खाल्ल्या होत्या. तेव्हा रक्त नासून बाहेर चाललं आहे आणि संध्याकाळपर्यंत मी संपणार, यात मला काही शंका राहिली नाही. वडिलांच्या कचेरीतल्या मसुद्यासारखं मी वहीच्या पानावर लिहिलं, 'सेवेत सविनय सादर की, माझे सागरगोटे मैत्रिणीस देण्यात यावेत. चिंचा कोणासही देण्यात येऊ नयेत.' खाली सही केली आणि पुढच्या खोलीत हात जोडून आडवी झाले.

आईनं तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"मरत नाहीयेस गं. मोठी झालीस."

"मोठी म्हणजे?"

"मोठी म्हणजे… मोठी. सगळ्या होतात." आईचं शास्त्र इथे संपलं. तिनं मला जुन्या लुगड्याच्या घड्या दिल्या, कशा घ्यायच्या ते भिंतीकडे बघत सांगितलं आणि पडवीत काकूशेजारी दुसरं कांबळं अंथरलं.

काकू खूश झाली. "आमच्या वेळेस मखरात बसवलं होतं मला, बाजा लावून! सगळ्या गावानं साखर खाल्ली. आता बस चूपचाप चार दिवस."

"काकू, उद्या गणिताचा पेपर आहे. परवा हिंदी. तेरवा भूगोल."

"देवाला टाइम टेबल माहीत नव्हतं का? तुला पास करायचं असतं तर त्यानं पुढच्या हप्त्यात पाठवलं असतं."

"पण मी मागच्या दारानं जाते ना!"

"मागे दार आहे कुठे? पडवीमागच्या विहिरीत उडी मारून जाणार? रस्त्यावर जायचं तर देवघरासमोरूनच जावं लागेल. आणि पेपराला, टाकाला हात लावशील? ती सरस्वती आहे. बिलकुल नाही."

मी भोकाड पसरलं. पार तिकडे फ्रीगंजमधल्या लोकांनी घड्याळं लावून घेतली, गिरणीचा भोंगा झाला म्हणून.

वडील कचेरीतून आले. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात एकच विषय असायचा. मध्य भारत जाणार, नवं मध्य प्रदेश होणार, फायली भोपाळला जाणार, आपण जाणार की नाही. ते पडवीच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि छताकडे बघत म्हणाले,

"वहिनी, तिकडे चार राज्यं एक होऊन राहिलीत, आणि इथे एक पोरगी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येऊ शकत नाही?"

"राज्यांना विटाळ नसतो, भावजी."

वडील कारकून होते, पण कसलेले. नियम मोडता येत नसेल तर नियमातच वाट शोधायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

"बरं, मला एक सांगा. लोकरीला विटाळ लागतो?"

"लोकरीला? लोकरीला नि रेशमाला कधी लागलाय?"

"पक्कं?"

"अहो, म्हणून तर सोवळ्याला धाबळी नेसतो आपण."

"म्हणजे पोरीला धाबळीत पूर्ण गुंडाळली, तर ती देवघरासमोरून जाऊ शकते. आणि हातात लोकरीचे मोजे घातले, तर टाकही धरू शकते."

काकू गप्प बसली. आमच्या घराच्या इतिहासात ती याआधी एकदाच गप्प बसली होती, देश स्वतंत्र झाल्याचं शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकताना. मग म्हणाली, "ठीक. पण घरी परत येईपर्यंत काढायची नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. एप्रिल आहे हे आठवेपर्यंत उशीर झाला होता.

सकाळी टांगेवाल्यानं मला बघून घोडा दोन पावलं मागे घेतला. "बिटिया, इत्ती गर्मी में कंबल? माता निकली है क्या?"

"नहीं चाचा, परीक्षा है," मी म्हटलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही. आजकालच्या शिक्षणाचं काही सांगता येत नाही, असा त्याचा चेहरा झाला.

परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्याभोवतीचे चार बाक आपोआप रिकामे झाले. मुलींना वाटलं देवी आल्या. मी घामानं अशी निथळत होते की माझ्या बाकाखाली तळं साचलं आणि दौतीतली शाई पातळ होऊन पहिल्या उदाहरणाचं उत्तर आकाशी रंगात आलं. मोज्यातून टाक धरायचा प्रयत्न करा एकदा. सातचा आकडा काढायला गेले तर वाघूळ निघालं.

पर्यवेक्षक बाई दुसऱ्या शाळेतून आल्या होत्या. जाड चष्मा, नऊवारी, चपलांचा आवाज फौजदारासारखा. आधी हिंदीत म्हणाल्या, "यह क्या तमाशा है?" मग माझं तोंड बघून मराठीत, हळू, "बाळ, ताप आहे का?"

मी नाही म्हणून मान हलवली. सगळी हकीकत कुजबुजत सांगितली. चिंचा, मृत्युपत्र, लोकर, शपथ, सरस्वती. बाई एकदाही हसल्या नाहीत, फक्त चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसला.

मग त्यांनी माझ्या हातातले मोजे स्वतः ओढून काढले. "सरस्वतीला हात चालतात. मोजे चालत नाहीत. घरी सांग, बाईंनी काढले, पाप लागलं तर बाईंना लागेल." धाबळी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माझी गेलेली पंधरा मिनिटं मला शेवटी परत दिली.

पेपर संपल्यावर बाईंनी सगळ्या मुलींना थांबवलं आणि दार लावून घेतलं. फळ्यावर खडूनं एक आकृती काढली, मधे पिशवीसारखं आणि दोन बाजूंना दोन फांद्या. परवा भूगोलाचा पेपर होता, त्यामुळे एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, हा नव्या राज्याचा नकाशा का?"

"हो," बाई म्हणाल्या, "तुमच्याच राज्याचा. आणि तुम्हाला याचं एक गाव माहीत नाही."

अर्ध्या तासात त्यांनी सगळं सांगितलं. ही पिशवी म्हणजे गर्भाशय, मूल वाढतं ते इथे. दर महिन्याला ती आतून अस्तर लावते, गरज पडली नाही की टाकून देते, तेच ते रक्त. रोग नाही, नासणं नाही, चिंचांचा काही संबंध नाही. घड्या साबणानं धुवायच्या आणि लपवून, ओल्या कोपऱ्यात नाही, कडक उन्हात वाळवायच्या. अंघोळ करायची, गूळ-दाणे खायचे, खेळायचंसुद्धा. "आणि रक्त आठ-आठ, दहा-दहा दिवस जात राहिलं तर त्याला रीत समजून बसून राहायचं नाही. ते दुखणं असतं. जनाना दवाखान्यात जायचं."

पहिली पाच मिनिटं सगळ्या खाली बघत होत्या. मग प्रश्नांची जी सरबत्ती सुरू झाली, बाईंचा टांगा दोनदा परत गेला.

घराच्या दारापाशी मी धाबळी पुन्हा गुंडाळली आणि पडवीत आले. शपथ मोडली हे सांगितलं. काकूचा हात माझ्या कानापर्यंत आला, तेव्हा घाईघाईनं मी बाईंचा सगळा धडा सांगून टाकला, कोळशानं फरशीवर नकाशा काढून. काकूनं पाठ फिरवली. मला वाटलं, आता धारला पत्र जाणार.

"ते शेवटचं काय म्हणाली तुझी बाई?" पाठमोरीच म्हणाली.

"कोणतं?"

"आठ-दहा दिवसांचं."

"दुखणं असतं म्हणाल्या. दवाखान्यात जायचं."

ती वळली आणि फरशीवरच्या नकाशाकडे वाकली. मग पदरानं तो पुसला आणि म्हणाली, "उद्या हिंदीचा पेपर ना? मोजे नको घालू. तुझं अक्षर आधीच घाण आहे."

जूनमध्ये निकाल लागला. मी पास. गणितात काठावर, पण काठाच्या अलीकडे. काकूनं पोथीतून धारचं पत्र काढलं, आईकडून उत्तर लिहून घेतलं, 'मुलगी शिकते आहे, म्हशींना नमस्कार.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "टांगा बोलाव. जनाना दवाखाना."

तेव्हाही ती 'बाहेर'च होती. पडवीतून रस्त्यावर यायचं तर देवघरासमोरून. तिनं माझ्याकडे हात केला आणि मी खुंटीवरची धाबळी काढून दिली. जूनच्या उन्हात काकू डोक्यापासून घोट्यापर्यंत लोकरीत गुंडाळून निघाली. टांगेवाला तोच होता. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"इनकी भी परीक्षा है क्या?"

"हाँ, भैया," काकूच म्हणाली.

दवाखान्याच्या पायरीवर मात्र ती थांबली. वासावरून मीठ ओळखणारी, गल्लीच्या तोंडचा भाव पाडणारी आमची काकू, तिनं माझा हात धरला.

"आत काय काय विचारतात गं?"

"सोपे प्रश्न असतात," मी म्हटलं. "सगळं तुला येतं." आणि दार ढकलायच्या आधी तिच्या अंगावरची धाबळी काढून खाकोटीला मारली.