पेशीतला निरोप आणि आत्याबाई

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी सासऱ्यांशी थेट एक शब्दही बोलले नाही, आणि तेही माझ्याशी बोलले नाहीत. त्यात राग-रुसवा काही नव्हता. आमच्याकडच्या शेतकरी घरांत तेव्हा तशी रीतच होती. मी त्यांना मामा म्हणायची, पण त्यांच्या माघारी. मामांना मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना सांगत, "तिला म्हणावं, तेल संपत आलंय." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असे. सगळं ऐकू येई. तरी आत्याबाई माझ्याकडं वळून म्हणत, "म्हंतेत, तेल संपत आलंय." माझं उत्तर त्याच वाटेनं उलट जाई. आत्याबाईंनी सांगितल्याशिवाय मी ऐकलं असं धरायचं नाही, हा त्यातला नियम होता.

घर पिंगळीला. तिथून मी सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला एम.एस्सी.च्या वर्गाला जायची. माझं माहेर राणीसावरगाव. तिथं आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.एस्सी. झाल्याबरोबर लग्न झालं, तेव्हा मला वाटलं, शिक्षण इथंच थांबलं. पण पहिल्याच महिन्यात आत्याबाई म्हणाल्या, "पुस्तकं ट्रंकंत कशाला कोंडलीस? वाळवी लागंल. काढ भाईर." यांची नोकरी बाहेरगावी होती, त्यामुळं माझ्या शिक्षणाची सगळी बोलणी आत्याबाईंनीच केली. ती कशी केली, हे मला आजही नीट माहीत नाही.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मोर्चे निघत, बंद होत, कधी कॉलेजच्या फाटकावरून परत फिरावं लागे. वर्गात दोन्ही बाजूंची मुलं होती आणि आम्ही सगळे एकाच सूक्ष्मदर्शकाला आळीपाळीनं डोळा लावायचो.

शेवटच्या वर्षी सरांनी मला सेमिनारचा विषय दिला: पेशीतली लहान जीटीपी-बंधक, म्हणजे जीटीपीला धरून ठेवणारी प्रथिनं. आमच्या पुस्तकात तो नव्हताच. सरांनी हैदराबादहून काही लेखांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, फिकट, कडेची अक्षरं कापलेली. इंग्रजी मला जड जायचं, म्हणून समजलेलं आधी मराठीत मोठ्यानं सांगून पाहायची. ऐकायला चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या आत्याबाई, आणि भिंतीपलीकडं ओसरीवर सुपारी कातरत बसलेले मामा.

"पेशी म्हणजे एक घर समजा," मी सुरुवात केली. "बाहेरून निरोप येतो. तो दारातल्या प्रथिनाला भेटतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. पण रिसेप्टर दार सोडून आत जाऊन सांगत नाही."

"मग कोण सांगतं?"

"आत लहान लहान प्रथिनं असतात. एरवी ती गप्प बसलेली असतात, जीडीपी नावाचा बारीक रेणू धरून. दारात निरोप आला की ते जीडीपी सुटतं, त्या जागी जीटीपी येऊन बसतं, आणि प्रथिन जागं होतं. निरोप पुढं देतं. मग ते जीटीपी तुटून पुन्हा जीडीपी होतं, की प्रथिन परत गप्प."

"तिला इचार," ओसरीवरून मामा म्हणाले, "ते आपलं आपण गप होतं, का कुणी गप करावं लागतं?"

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "इचारायलेत, आपलं आपण गप होतं का?"

"होतं, पण फार हळू. दुसरं एक प्रथिन येऊन घाई करतं."

"घाई करावी लागती म्हंती," आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

"ऐकलं मी."

"ऐकलं तर मला कशाला राबवायलेत? भाकर करपायलीय हितं."

मी हसू दाबून पुढं सांगितलं. कधी त्या प्रथिनातच बिघाड होतो आणि जीटीपी तुटत नाही. मग दारात कुणी नसलं तरी ते 'वाढ, वाढ' असा निरोप देतच राहतं. पेशी वाढत सुटतात आणि गाठ होते.

आत्याबाईंचा हात परातीत थांबला. "माझ्या मायला छातीत झालती तशी?"

"सगळ्या गाठींत हेच बिघडलेलं असतं असं नाही. काही गाठींत सापडलंय."

"आन् ते गप करायचं औषध?"

"अजून नाही. लोक शोधायलेत."

"कुठं?"

"सगळीकडं. हैदराबादलापण."

तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली आणि मला म्हणाल्या, "सांग पुढं."

सेमिनार बरा झाला. मी दोनदा अडखळले, पण सर शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि नंतर म्हणाले की हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधनासाठी जागा आहे, ते चिठ्ठी देतील, महिनाभरात कळवायचं. यांनी सांगितलं, "बाबांची ना नसली तर माझीही नाही." म्हणजे सगळं मामांवर येऊन ठेपलं. मी आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी मामांना सांगितलं, आणि मामा आठवडाभर काहीच बोलले नाहीत. रोज कॉलेजातून परतताना मला वाटे, आज उत्तर आलेलं असेल.

एका सकाळी मी मागच्या दाराशी भांडी घासत होते. मामा आत्याबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, जाऊ नको. तिथं आपलं कुणी न्हाई. आजारी पडली तर पाणी कोण द्यायचं?"

आवाज चढलेला नव्हता. काळजीचाच होता, त्यामुळं मला राग धरायलाही जागा उरली नाही. हातातलं पातेलं घासतच राहिले. आता आत्याबाई येतील आणि सांगतील, मग संपलं.

"सांगते," आत्याबाई म्हणाल्या.

त्या आल्या, घासलेली भांडी पालथी घातली, आणि म्हणाल्या, "वरण लाव. मी मळ्यात जाऊन येते."

दुपारी नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला काही सांगितलं नाही. शेवटी मीच विचारलं, "आत्याबाई, मामांचं काय म्हणणं पडलं?"

"कशाचं?"

"हैदराबादचं."

"लय बोलतेत ते. मला कुठं सगळं ध्यानात राहतंय?" माझ्याकडं न बघता त्या शेंगा फोडत होत्या.

त्याच संध्याकाळी मामांनी त्यांना विचारलेलं मी ऐकलं. "सांगितलंस का तिला?"

"सांगते की. हात रिकामा होऊ द्या."

आत्याबाईंचा हात त्या महिन्यात रिकामा झालाच नाही. मी माझ्या सेमिनारमध्येच सांगितलं होतं की दारातल्या रिसेप्टरलासुद्धा पेशी आत ओढून घेते, आणि तो पुन्हा दारात पाठवायचा की मोडून टाकायचा, या कामातही अशाच लहान प्रथिनांचा हात असतो. निरोप किती वेळ जिवंत राहणार, हे निरोपावर नसतं. हे वाक्य मी झेरॉक्समधून उतरवलं होतं आणि पाठ केलं होतं. समजलं ते शेंगांच्या टरफलांच्या ढिगाशेजारी बसून.

मामांना दुसरा मार्ग नव्हता असं नाही. ते मुलाला पत्र टाकू शकले असते. मोठ्यानं मलाच म्हणू शकले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. एकदा फक्त खाकरले, आत्याबाईंनी मान वर केली नाही, आणि ते पानपुडा घेऊन पाराकडं निघून गेले. सुनेशी थेट बोलायचं नाही म्हणून ते थांबले, की आत्याबाईंच्या गप्पपणाचं उत्तर त्यांना मिळालं होतं, मला कधी विचारता आलं नाही. मी सरांना होकार कळवला.

निघायच्या दिवशी दोघंही स्टेशनवर आले. पॅसेंजरनं पूर्णेला जायचं, तिथून पुढं हैदराबादची गाडी. माझी ट्रंक मामांनी स्वतः डब्यात चढवली, बाकाखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीपासून जरा लांब उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून.

"तिला म्हणावं," ते म्हणाले, "पोचल्याबरोबर कार्ड टाक."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्याबाई खिडकीच्या गजाशी आल्या होत्या. "म्हंतेत, पोचल्याबरोबर कार्ड टाक."

"टाकते," मी म्हणाले.

"टाकते म्हंती," आत्याबाईंनी वळून त्यांना सांगितलं.