अरुणदादाचा कॉम्प्युटर आणि माझा दात

आमच्या घराण्यातला पहिला कॉम्प्युटर दात काढायच्या दवाखान्यात आला.

माझा चुलतभाऊ अरुणदादा नेरूळला दंतवैद्य होता. नव्वदच्या दशकात शहर नवीन आणि लोकांचे दातही शाबूत, त्यामुळे त्याला रिकामा वेळ भरपूर मिळे. त्या वेळात त्याला दोन नाद लागले: कॉम्प्युटर आणि सुंदर हास्य. कॉम्प्युटरसाठी त्यानं काचेची खोली केली, तिला एसी लावला आणि बाहेर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात'. (पेशंटच्या खुर्चीवर पंखा होता. तोही आवाज करायचा.) मॉनिटरवर हळदीकुंकवाचं बोट होतं आणि दवाखाना बंद झाला की त्याच्यावर झालर लावलेलं कव्हर चढे. उपचारानंतर पेशंट कसा हसेल ते हे यंत्र आधीच दाखवतं, असं दादा सांगे. बघून पेशंट खूश होत आणि उपचार न करताच घरी जात.

प्रयोगासाठी घरचं तोंड हवं होतं. माझा पुढचा उजवा दात लहानपणी क्रिकेटमध्ये अर्धा तुटलेला. दादानं माझा स्टुडिओतला फोटो स्कॅन केला, दुपारभर माऊसशी झटापट केली आणि रंगीत प्रिंट काढली. दात अख्खा! मी कौतुकानं ती प्रिंट आईला दाखवली आणि तिथंच घात झाला.

तेव्हा माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. पत्रिकेबरोबर जाणारा फोटो पाहून चार घरांनी योग नाही असं कळवलं होतं. आईनं पाचव्या पत्रिकेबरोबर, मला न विचारता, दादाची प्रिंट पनवेलला पाठवून दिली. मी हादरलो. हे खोटं आहे, असं तिला सांगून पाहिलं.

"कॉम्प्युटरनं काढलाय," आई म्हणाली. "त्यात खोटं काय असणार?"

पनवेलहून बोलावणं आलं. मुलीचं नाव वैशाली, पोस्टात नोकरी. तिच्या फोटोकडे मी जरा जास्तच वेळा पाहिलं होतं, त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं. दादाला मात्र काळजी नव्हती.

"फोटो तयार आहे," तो म्हणाला. "आता फक्त तोंड मागे राहिलंय."

रविवारी सकाळी त्यानं तुटक्या दातावर नवा तुकडा बसवला. दाताचा रंग जुळवायला दंतवैद्यांकडे नमुन्यांची पट्टी असते. दादानं ती जुनाट ठरवून रंग स्क्रीनवरून जुळवला. आरशात पाहिलं तर माझ्या पिवळट दातांच्या रांगेत एक ट्यूबलाइट लागली होती! फोटोत हाच रंग आहे, असं दादा ठासून म्हणाला, आणि सोबत यायला निघाला.

पनवेलला मी ओठ मिटून बसलो. मुलगा मितभाषी आहे, असं आईनं सांगितलं. मुलीच्या वडिलांना ते आवडलं. त्यांच्या घरी बोलणारी माणसं पुरेशी होती म्हणे. पोहे मी दाढांनी निभावले. मग चकली आली. नको म्हटलं तर मुलीनं स्वतः केलीय असं कळलं. मी ती चावली.

वैशालीनं ताटलीकडे पाहिलं. "तुमचं काहीतरी चकलीत राहिलं."

सगळे वाकून बघू लागले. दादानं तो तुकडा रुमालात घेतला आणि न डगमगता वडिलांना नव्या तंत्रज्ञानाची माहिती द्यायला सुरुवात केली. वडिलांनी आपली कवळी काढून तिचं काही होईल का, असं विचारलं. आई जमिनीकडे बघत होती. मी तर बसल्या जागी स्थळ सोडून दिलं होतं.

वैशाली आत गेली आणि प्रिंट घेऊन आली.

"आता विचारतेच. तुम्ही दोन पेनं का लावता?"

मी फोटो हातात घेतला. तुटका दात दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता दादानं माझी अख्खी डावी बाजू उलटवून उजवीकडे चिकटवली होती. शर्टाला दोन खिसे, दोन्हींत पेन. दोन्ही गालांवर तीळ. डोक्यात दोन भांग! आमच्या घरात सगळ्यांनी फक्त दात पाहिला होता.

"आधीच्या दोन मुलांना मी न बघताच नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "पण असा माणूस दिसतो कसा, ते बघायचंच होतं."

मी सगळं खरं सांगितलं, अर्ध्या दातानं. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कळलं नाही.

त्या आठवड्यात पनवेलहून निरोप आला: मुलगा पसंत आहे.

कारण मला लग्नानंतर कळलं. आई, दंतवैद्य आणि कॉम्प्युटर अशा तिघांची मदत असूनही ज्याला एक थाप धड निभावता येत नाही, तो नवरा म्हणून सुरक्षित, असा वैशालीनं हिशेब केला होता. तिचा तो अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही. मी प्रयत्न केला नाही, असं मात्र नाही.