विहीणबाईंची कोरी साडी

माझ्या क्लासला नवी मुलगी आली की पहिले दोन दिवस मी तिला ब्रशला हात लावू देत नाही. आधी कापड धुवायचं. कोमट पाण्यात भिजवायचं, चोळायचं, साध्या पाण्यातून काढून वाळवायचं आणि मग दोन बोटांत धरून बघायचं. जरा करकरीत लागलं, म्हणजे गिरणीत लावलेली खळ उरली असली, की पुन्हा पाण्यात. अमरावतीच्या मुली तशा फटकळच. परवा एक जण म्हणालीच, "मॅडम, आमी पेंटिंग शिकाले आलो का धुणं शिकाले?" सगळ्या खिदळल्या आणि मी नेहमीसारखी चिडले. हा हट्ट मला कुठून लागला, ते मात्र मी आजवर एकीलाही सांगितलेलं नाही.

लग्न होऊन मी मोर्शीहून अकोल्याला आले, तेव्हा जठारपेठेतल्या आमच्या घरात माझ्या मोठ्या जाऊबाई कापडावर रंगकाम करायच्या. मी त्यांना ताई म्हणायची. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, रुखवतातले रुमाल, साड्या, काय सांगाल ते. गल्लीतल्या बायका दुपारी कामं आटोपून त्यांचं रंगवणं बघायला यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. चहा अर्थातच मी करायची, त्यामुळे पहिले काही महिने मला त्या रंगांचा रागच होता.

मग एकदा ताईंनीच मला शेजारी बसवून घेतलं. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, त्या रेघांवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं, की झाला खाका. तो कापडावर ठेवून रॉकेलमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं वरून नीळ फिरवली की खाली ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी उमटते. गडद कापड असेल तर निळीऐवजी पांढरी पावडर. पाकळी रंगवताना रंग कडेकडून आत ओढायचा. तीन दिवस वाळू द्यायचं आणि मग उलट्या बाजूनं इस्त्री. हे सगळं मी पटापट शिकले, कारण मी हुशार होते आणि मला ते माहीत होतं.

धुण्याचं तेवढं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. ताईंनी कुठल्याशा प्रदर्शनात एका कलमकारी करणाऱ्या कारागिराशी तासभर गप्पा मारल्या होत्या. त्याच्याकडे म्हणे कापड आधी धुतात, मग हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवतात, तेव्हा कुठे बोरूची कलम त्याला लागते. रंग एकेक करून चढतात आणि प्रत्येक रंगानंतर पुन्हा नदीवर धुणं. हे ताई इतक्या वेळा सांगायच्या की मला पाठ झालं होतं. "अर्धं काम पाण्याचंच हाय," असं म्हणायच्या. मी मान डोलवायची.

त्याच सुमारास आमच्या नणंदेचं लग्न मूर्तिजापूरला ठरलं. विहीणबाईंना सुती साडीच आवडते असं कळलं, तेव्हा त्यांची मानाची साडी आपण हातानं रंगवून देऊ, असं ताईंनी ठरवलं. गडद जांभळी साडी आणली. काठाला आणि पदराला संत्र्याची पांढरी फुलं घ्यायची ठरली. ती कल्पना माझी होती, माझ्या माहेरच्या बागेतली. ताईंनी ती मान्य केली याचा मला केवढा तोरा चढला होता!

"मी खाका काढतो, तोवर तू साडीची खळ काढून ठेव," ताई म्हणाल्या.

मी चाटच पडले. "ताई, मानाची साडी पाण्यात घालता? कोरी द्याची असते ना वं! धुतलेलं कापड देत असते का कोणी विहिणीले?"

"इस्त्री करून होती तशीच घडी घालू. कोणाले समजते?"

"मले समजते ना!"

ताई हसल्या. "तुले समजलं त काई होत नाई. रंगाले समजलं त वाया जाईन. जाय, भिजव."

माझ्या आईनं देण्याघेण्याचं कापड कधी पाण्याला लावलं नव्हतं. कोरं म्हणजे कोरं, त्याला दुकानाचा वास यायला हवा, असं मी ऐकत आले होते. त्यातून आमच्याकडे नळ येऊन पाच दिवस झाले होते आणि पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं. पण पाण्याची सबब मी उगाच पुढे करत नाही. पाणी असतं तरी मी तेच केलं असतं. माझं खरं आणि ताईंचं खुळ, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. साडीवर नुसतं पाणी शिंपडलं, दाबून इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी ताईंच्या हातात दिली.

त्यांनी पदर दोन बोटांत धरला. "कडक लागून राहिली. खळ गेली ना?"

"गेली. इस्त्री जरा जोरात फिरवली मी."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग सोळा-सतरा दिवस त्या बसल्या. त्या फुलांच्या पाकळ्यांत त्यांनी नुसता पांढरा भरला नाही. देठाकडे हिरवट, कडेला पिवळसर अशी छटा आणली, आणि ती साडी लग्नात सुपातून नेली तेव्हा वऱ्हाडातल्या बायका उठून बघायला आल्या. त्या दिवसाइतक्या खुशीत मी ताईंना पुन्हा पाहिलं नाही.

नणंद पहिल्या दिवाळीला आली तेव्हा तिच्या बॅगेत ती साडी होती. पहिल्याच धुण्यात फुलांचे पापुद्रे निघाले होते. रंग सुतात शिरलाच नव्हता, वरच्या खळीवर बसला होता आणि खळीबरोबर निघून गेला होता. काठावर कुठे अर्धी पाकळी, कुठे नुसता देठ. विहीणबाईंनी मानाची साडी परत पाठवली होती, वर निरोपही दिला होता की रंगवणारीचा हात अजून कच्चा आहे. नणंद ते सांगताना रडली. तिला सासरी चार बायकांत ऐकून घ्यावं लागलं होतं.

मी कणीक मळत होते. ताईंनी साडी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "मीच पांढऱ्यात पाणी जास्त घातलं असंन."

बोलायचं होतं ते तेव्हाच. एक वाक्य पुरलं असतं. सासूबाई समोर होत्या, नणंद रडत होती, आणि मी भित्री होते. मी कणीक मळत राहिले. उद्या सांगू म्हटलं, मग दिवाळी झाल्यावर सांगू म्हटलं. तोपर्यंत ताईंनी रंगांचा डबा बांधून माळ्यावर टाकला होता. कोणी अभ्रे घेऊन आलं की त्या म्हणायच्या, "माया हातचं काई खरं नाई आता, धाकटीले द्या." आणि लोक खरंच मला देऊ लागले. मी घेऊ लागले. त्याची लाज आजही वाटते.

पुढे यांची बदली झाली, आम्ही अमरावतीला आलो आणि मी क्लास काढला. ताईंचे खाके मी बरोबर आणले होते. गेली कितीतरी वर्षं मी त्यांच्याच नक्षीवर नाव कमावते आहे. आता बाजारात छापील साड्या ढिगानं मिळतात, तरी माझ्याकडे मुली येतात. दर खेपेला अकोल्याला जाताना मी मनाशी म्हणायची, या वेळी सांगायचंच. मग गप्पा निघायच्या, जेवणं व्हायची, आणि मी परतीच्या गाडीत बसायची.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा ताई एकट्याच घरी होत्या. मी चहा केला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, तरी थोडा चहा मांडीवर सांडला. त्यांच्या हातांचा कंप गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे. का कोण जाणे, मी बोलून गेले. साडी धुतलीच नव्हती, नुसतं पाणी शिंपडलं होतं, तुमच्या रंगात काहीच चूक नव्हती, सगळं एका दमात. बोलता बोलता रडू आलं.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मंग मी काहून सोडलं?"

काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "अजून काय गेलं ताई? मी रंग आणून देतो. आपण दोघी बसू."

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थांबत नव्हता.

"दहा वर्षांआंधी सांगतलं असतं," त्या म्हणाल्या, "तरी चाललं असतं."